अंधाराचें छायाचित्र

तूप मोजून घेतांना शहाणी गृहिणी प्रथम रिकाम्या भांड्याचा धडा करून घेते. एरव्हीं पितळेचें वजनही तुपाच्या भावानें पदरांत पडावयाचें. आकाशांतील अतिमंद तेज मोजणाऱ्या ज्योतिषज्ञांसही असाच धडा करावा लागतो, आणि त्यांची रीत मोठी चमत्कारिक आहे. ते कॅमेऱ्याचें झांकण घट्ट मिटतात आणि चक्क अंधाराचेंच छायाचित्र घेतात!

हें कां, तें कळण्यास कॅमेऱ्याच्या अंतरंगांत थोडें डोकावलें पाहिजे. पूर्वींच्या फिल्मच्या जागीं आतां सिलिकनची चकती आली आहे. विलर्ड बॉइल व जॉर्ज स्मिथ यांनीं सन १९६९ मध्यें अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत सीसीडी नांवाची ही योजना शोधून काढली, व तिच्याबद्दल सन २००९ च्या पदार्थविज्ञानाच्या नोबेल पारितोषिकांत त्यांस वांटा मिळाला. चकतीवर लक्षावधि सूक्ष्म घरें असतात. प्रकाशाचा कण पडला कीं घरांत इलेक्ट्रॉन सुटतो, आणि असे सांठलेले इलेक्ट्रॉन मोजून चित्र सिद्ध होतें. परंतु चकतीची स्वतःची उष्णताही इलेक्ट्रॉन सोडवीत असते. आणि सुटलेला इलेक्ट्रॉन ताऱ्यानें सोडविला कीं उष्णतेनें, हें ओळखण्यास कांहींच खूण नसते. त्यांतून कांहीं घरें जात्याच खोडकर. तीं अंधारांतही ताऱ्यांसारखीं चमकतात.

यावर पहिला उपाय थंडावा. उष्णतामान सुमारें सहा-सात अंश सेंटिग्रेड उतरलें कीं या आगंतुक इलेक्ट्रॉनांची पैदास निम्म्यावर येते. सात अंशांचा हिशेब धरल्यास, २५ अंशांवरून उणे १० अंशांवर नेलेल्या चकतींत ती बत्तिसांश उरते. हौशी लोकांच्या कॅमेऱ्यांत हें काम विजेनें एक बाजू थंड व दुसरी ऊन करणारी पेल्टिए तबकडी करते. मोठ्या वेधशाळांतून द्रवरूप नायट्रोजनही वापरतात.

दुसरा उपाय धड्याचा. आकाशाचें चित्र जितके सेकंद घेतलें, तितकेच सेकंद, त्याच उष्णतामानावर, कॅमेऱ्याची मांडणी न बदलतां, झांकण लावून चित्र घ्यावयाचें व तें मूळ चित्रांतून वजा करावयाचें. असें एकच चित्र पुरत नाहीं, कारण त्यांत यदृच्छेची चढउतारही असते. २५ चित्रांची सरासरी घेतल्यास ती पंचमांशावर येते. मात्र वजाबाकीनें ठराविक दोष तेवढा जातो. खुद्द आकाशाच्या चित्रांतील यदृच्छेचा गोंधळ तसाच राहतो. म्हणूनच धडा हा थंडाव्याचा जोडीदार आहे, बदली नव्हे.

या दक्षतेचें फळ काय, हें हबल दुर्बिणीनें दाखविलें. सन १९९५ च्या डिसेंबरांत, १८ ते २८ तारखांच्या दरम्यान, सप्तर्षींच्या प्रदेशांतील एका जवळजवळ रिकाम्या कोपऱ्याकडे ती रोखण्यांत आली. हा कोपरा रुंदीला चंद्रबिंबाचा सुमारें बारावा हिस्सा! तिच्या कार्याची धुरा वाहणाऱ्या संस्थेचे संचालक रॉबर्ट विल्यम्स यांनीं आपल्या अधिकारांतील वेळ यासाठीं खर्ची घातला. तो वायां जाईल, अशी भीति कित्येक जाणत्यांनीं बोलून दाखविली होती. कॅमेऱ्याच्या चकत्या उणे ८८ अंशांवर ठेविल्या होत्या. एकंदर ३४२ चित्रें एकत्र केलीं, तेव्हां त्या रिकाम्या जागेंत सुमारें ३,००० दीर्घिका प्रकट झाल्या! चकतीचे दोष मोजलेले नसते, तर यांतील मंद ठिपका दीर्घिकेचा कीं कॅमेऱ्याचा, हें कोणीं व कसें सांगावें?

अवकाशांतील वेगवान कणांच्या माऱ्यानें तेथें नवीं खोडकर घरें सारखीं उत्पन्न होत. म्हणून महिन्याकाठीं त्या चकत्या मुद्दाम ऊन करीत; त्यायोगें पुष्कळशीं घरें पुन्हां ताळ्यावर येत. अर्थात् धडाही नित्य नवा करावा लागे.

आपल्या घरांतील एखादा उत्साही मुलगा अगर मुलगी गच्चीवर कॅमेरा मांडून बसत असेल, तर त्यांसही हाच नियम लागू आहे. साध्या कॅमेऱ्यांत थंडाव्याची सोय नसते, आणि वैशाखांतील रात्रीं उष्णतामान सारखें उतरत जातें. तेव्हां अंधाराचीं चित्रें दुसऱ्या दिवशीं सवडीनें न घेतां त्याच रात्रीं, मधून मधून घ्यावींत. आणि चित्रांत एखादा अनोळखी तारा दिसलाच, तर शेजाऱ्यांस हांक मारण्यापूर्वीं तो अंधाराच्या चित्रांतही आहे काय, एवढें अवश्य पाहावें.