इतिहासाचे अध्ययन, माध्यमिक शाळेतील

माध्यमिक शाळेच्या अभ्यासक्रमातील इतिहास या विषयाचे अध्ययन. प्राथमिक शाळेत इतिहास बहुधा कथारूपाने सांगितला जातो. वीरपुरुष, गड व लढाया यांच्या गोष्टींतून मुलास भूतकाळाची पहिली ओळख होते. तेरा-चौदाव्या वर्षाच्या सुमारास विद्यार्थी कार्यकारणभावाचा विचार करू लागतो आणि परस्परविरोधी विधाने शेजारी ठेवून पाहू शकतो. म्हणून काय घडले, याबरोबरच ते घडले हे कशावरून कळते, हा प्रश्न या टप्प्यावर महत्त्वाचा ठरतो. तो वगळला, तर सनावळ्यांचे पाठांतर तेवढे उरते व परीक्षेनंतर तेही फार काळ टिकत नाही.

मराठी शिक्षणात हा प्रश्न नवा नाही. जेम्स ग्रँट डफ याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ मध्ये प्रसिद्ध झाला आणि थोड्याच वर्षांत कॅप्टन डेव्हिड केपन याने केलेले त्याचे मराठी रूपांतर शाळांतून वाचले जाऊ लागले. शाळेत शिकविले जाणारे पुस्तक म्हणून त्यातील विधानांना आपोआपच प्रमाणाचे स्थान लाभले. नीलकंठ जनार्दन कीर्तने यांनी १८६७ च्या सुमारास, विद्यार्थिदशेतच, पुण्यात निबंध वाचून डफच्या विधानांची चिकित्सा केली. शाळेत शिकलेल्या इतिहासाला शिकणाऱ्यानेच आधार विचारावा, याचे हे ठळक उदाहरण होय. पुढे वि. का. राजवाडे यांनी १८९८ पासून मराठ्यांच्या इतिहासाची मूळ साधने प्रसिद्ध करण्यास आरंभ केला. या कार्यात शिक्षकांचाही वाटा मोठा आहे. वासुदेवशास्त्री खरे हे मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकवीत असत आणि पटवर्धनांच्या दप्तरातील कागद निवडून त्यांनी ऐतिहासिक लेखसंग्रह सिद्ध केला. गो. स. सरदेसाई यांच्या रियासतीचा उगमही बडोद्याच्या राजपुत्रांना शिकविण्यासाठी काढलेल्या टिपणांत आहे.

साधनचिकित्सेचा परिचय करून देण्यास शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा प्रश्न विशेष उपयुक्त आहे. डफने मे १६२७ हा काळ दिला असून उत्तरकालीन बखरींतही शके १५४९ च्या वैशाखातील तिथी आढळते. तथापि भोरजवळच्या कारी येथील जेधे देशमुखांच्या घराण्यात जपलेली शकावली लोकमान्य टिळकांना उपलब्ध झाली व १९१६ मध्ये ती प्रकाशात आली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया ही तिथी नोंदविली आहे. महाराजांच्या हयातीत रचल्या गेलेल्या कवींद्र परमानंदाच्या शिवभारत या संस्कृत काव्यातही तीच तिथी येते आणि राजस्थानात मिळालेल्या जन्मकुंडलीनेही तिला दुजोरा मिळतो. येथे विद्यार्थ्याने साधनांची नुसती संख्या मोजावयाची नसते. कोणते साधन घटनेच्या जवळचे, लिहिणाऱ्यास माहिती कोठून मिळाली असावी, त्यातील इतर नोंदी अन्य कागदपत्रांशी जुळतात काय, हे त्याने पाहावयाचे असते. राज्य शासनाने पुढे १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख स्वीकारली. केवळ ही तारीख पाठ करणाऱ्यास एक गुण मिळेल. परंतु ती कशी ठरली हे ज्याने एकदा पाहिले, तो दुसऱ्या कोणत्याही तारखेस तोच प्रश्न विचारू शकेल.

इंग्लंडमध्ये १९७२ साली लीड्स येथे तेरा ते सोळा वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू झालेल्या प्रकल्पाने हीच दिशा धरली. वैद्यकासारख्या एका विषयाचा दीर्घकालीन विकास, एका कालखंडाचा सखोल अभ्यास आणि परिसरातील अवशेषांचे निरीक्षण यांवर त्यात भर होता. साधनांची चिकित्सा करताना कथनाचा धागा तुटतो, असा आक्षेप या पद्धतीवर घेतला गेला व तो अगदीच निराधार नाही. कालानुक्रम ठाऊक नसलेल्या मुलापुढे एखादे पत्र ठेवून काही साधत नाही.

महाराष्ट्रात इयत्ता दहावीच्या २०१८ च्या पाठ्यपुस्तकात इतिहासलेखनाची पाश्चात्त्य व भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन इ. प्रकरणे घालण्यात आली. हा बदल स्वागतार्ह होय. मात्र इतिहास व राज्यशास्त्र मिळून ४० गुणांची एकच प्रश्नपत्रिका असल्यामुळे व्हॉल्टेअर, रांके, फूको ही नावेही अखेर पर्याय निवडण्यापुरतीच पाठ केली जातात. आधार तपासण्याची शिकवण देणारा पाठच घोकला जावा, यात दोष पुस्तकाचा कमी आणि परीक्षापद्धतीचा अधिक आहे.

खर्चाचे साहित्य नसतानाही शिक्षकास बरेच करता येते. गावाच्या वेशीवरील वीरगळ, देवळातील शिलालेख, जुन्या शाळेचे हजेरीपत्रक, घरातील खरेदीखत ही सर्व साधनेच होत. यांपैकी अनेक कागद मोडी लिपीत आहेत. विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मोडी शालेय शिक्षणातून मागे पडल्यामुळे पणजोबांच्या हातचा कागद समोर असूनही तो पणतवास वाचता येत नाही. मुळाक्षरांचा तक्ता वर्गात लावून अशा एखाद्या कागदाच्या पहिल्या दोन ओळी मुलांकडून लावून घेणे नववीच्या वर्गात सहज शक्य आहे. त्यास दोन-तीन तासिका पुरतात.