डेटाबेस भाड्याने घेताना

समजा, तुमच्या वर्गाने शाळेच्या ग्रंथालयासाठी संगणकाचा एक प्रोग्रॅम तयार केला. पुस्तक कोणी नेले, कधी परत केले, अशा नोंदींचा नीट रचलेला साठा म्हणजे डेटाबेस. तो शाळेच्याच संगणकावर ठेवला आणि डिस्क बिघडली, तर नोंदी गेल्याच! म्हणून तो एखाद्या कंपनीच्या संगणककेंद्रात भाड्याने ठेवतात. अ‍ॅमेझॉनने २००९ साली ‘आरडीएस’ नावाची अशी सेवा सुरू केली. यंत्रांची देखभाल कंपनी करते. मात्र तीन गोष्टी आपणच ठरवायच्या असतात.

पहिली गोष्ट जागेची. ‘क्लाऊड’ म्हणजे ढग. पण हा डेटाबेस आकाशात नव्हे, जमिनीवरच्या इमारतीतच असतो. प्रोग्रॅम मुंबईत आणि डेटाबेस अमेरिकेतील व्हर्जिनियात असला तर काय होईल? हे अंतर सुमारे १२,८०० किलोमीटर आहे. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. म्हणजे प्रश्न जाऊन उत्तर यायला निदान ०.१२८ सेकंद लागणार. असे २० प्रश्न एकामागून एक विचारले, तर अडीच सेकंद नुसत्या प्रवासात जातील! यंत्र कितीही वेगवान घेतले तरी हा वेळ वाचत नाही. म्हणून प्रोग्रॅम आणि डेटाबेस शेजारी ठेवावेत. अ‍ॅमेझॉनची मुंबईतील केंद्रे २०१६ साली सुरू झाली.

दुसरी गोष्ट प्रवेशाची. डेटाबेसचे दार साऱ्या इंटरनेटला उघडे ठेवू नये. ज्या संगणकावर आपला प्रोग्रॅम चालतो, त्यालाच आत येऊ द्यावे.

तिसरी गोष्ट प्रतींची. शेजारच्या केंद्रात डेटाबेसची जोडप्रत ठेवता येते. प्रत्येक बदल दोन्हीकडे एकदमच होतो. एक यंत्र बंद पडले, तर दुसरे काम सांभाळते. पण कोणी चुकून सगळ्या नोंदी पुसल्या, तर त्या जोडप्रतीतून परत मिळतील का? नाही! पुसणे हाही एक बदलच. तो तिकडेही तत्क्षणी होतो. यासाठी जुनी प्रत, म्हणजे बॅकअप हवा. आरडीएसमध्ये रोजचा बॅकअप आणि त्यानंतरच्या बदलांची नोंद जास्तीत जास्त ३५ दिवस ठेवता येते. त्यांवरून हव्या त्या क्षणाची स्थिती नव्या डेटाबेसमध्ये उभी करता येते.

पण बॅकअप आहे असे समजणे पुरेसे नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीने स्वतः चालवलेला डेटाबेस चुकून पुसला गेला. नेहमीचा बॅकअप तयारच होत नव्हता, हे तेव्हा कळले! अखेर सुमारे सहा तास जुन्या प्रतीवर काम भागवावे लागले.

तेव्हा ग्रंथालयाचा प्रोग्रॅम सर्वांना खुला करण्यापूर्वी एक प्रयोग करा. पाच खोट्या नोंदी लिहा. दहा मिनिटांनी घड्याळ पाहून त्या पुसा. मग पुसण्याच्या एक मिनिट आधीची स्थिती परत मिळवा. पाचही नोंदी दिसल्या, तरच बॅकअपवर विश्वास ठेवा.