करडईचे तेल, कोलेस्टेरॉल आणि रोहिण्यांचे आरोग्य

सोलापूरच्या दक्षिणेस असलेले होटगी हे लोहमार्गावरील एक जुने जंक्शन होय. वाडीकडे जाणारा मार्ग येथून पुढे जातो, तर विजयपूर-गदगकडे जाणारा मार्ग येथूनच फुटतो. भोवतालचा दक्षिण सोलापूर तालुका हा काळ्या जमिनीचा व बेभरवशाच्या पावसाचा प्रदेश आहे. रब्बी ज्वारी हे येथील मुख्य पीक आणि करडई ही तिची जुनी सोबतीण. ज्वारीत करडईचे पाटे टाकावेत, काटेरी झाडांनी जनावरांना आवर घालावा, कोवळ्या पानांची भाजी करावी आणि बियांचे तेल घाण्यावर काढून घ्यावे, अशी या भागाची रीत आहे. सोलापूरच्या कृषी संशोधन केंद्राने ‘भीमा’सारखे करडईचे वाण शेतकऱ्यांच्या हाती दिले, ही गोष्टही येथे नमूद करावयास हवी.

करडईचे तेल हृदयाला हितकर असते, ही समजूत सर्वत्र रूढ आहे. ती कितपत खरी आहे, याचा उलगडा व्हावयाचा तर हृदयविकाराची सुरुवात कोठे व कशी होते हे आधी समजून घेतले पाहिजे.

रोहिणीच्या भिंतीत काय घडते?

हृदयाकडून शरीरभर रक्त नेणाऱ्या नलिकांना रोहिण्या किंवा धमन्या म्हणतात. त्यांच्या भिंतीत मेदयुक्त थर साचून त्या जाड, ताठ व अरुंद होतात, तेव्हा त्या विकारास रोहिणीविलेपी विकार असे नाव आहे. हृदयालाच रक्त पुरविणाऱ्या रोहिणीतील असा थर फुटून त्यावर रक्ताची गुठळी जमली, म्हणजे हृदयविकाराचा झटका येतो. हीच गोष्ट मेंदूच्या रोहिणीत घडल्यास पक्षाघात होतो.

कोलेस्टेरॉल हा मेदासारखा पदार्थ शरीराचा शत्रू नव्हे. पेशींची आवरणे, पित्तरस व काही संप्रेरके यांच्या घडणीसाठी तो आवश्यक असतो आणि यकृत तो स्वतःच तयार करते. पाण्यात न विरघळणारा हा पदार्थ प्रथिनांच्या आवरणात गुंडाळून रक्तातून वाहून नेला जातो. यांपैकी ‘एलडीएल’ या प्रकारचे कण रक्तात प्रमाणाबाहेर वाढले की ते रोहिणीच्या भिंतीत शिरून अडकून पडतात. ‘एचडीएल’ कण कोलेस्टेरॉल परत यकृताकडे नेण्यास साहाय्य करतात.

या संबंधाचा महत्त्वाचा पुरावा १९१३ साली रशियातील सेंट पीटर्झबर्ग येथे मिळाला. निकोलाय अनिचकोव्ह यांनी सूर्यफुलाच्या तेलात विरघळविलेले शुद्ध कोलेस्टेरॉल सशांना खाऊ घातले. त्या सशांच्या रोहिण्यांत मेदाचे थर आढळले. नुसते तेल दिलेल्या सशांत ते आढळले नाहीत. पुढे रक्तातून एलडीएल उचलून घेणाऱ्या पेशींवरील ग्राहकांचा शोध लावल्याबद्दल मायकेल ब्राउन व जोसेफ गोल्डस्टीन या शास्त्रज्ञांना १९८५ चे नोबेल पारितोषिक देण्यात आले.

तेल खवट होते तसे

करडईचे तेल उघड्या भांड्यात फार दिवस राहिले तर त्याला खवट वास येतो, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. तेलातील असंतृप्त वसाम्लांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हा बदल घडतो. या क्रियेस ऑक्सिडीकरण म्हणतात. रोहिणीच्या भिंतीत अडकलेल्या एलडीएल कणांतील वसाम्लांचेही असेच ऑक्सिडीकरण होते. मग शरीराच्या संरक्षक पेशी या बिघडलेल्या कणांना परके समजून गिळू लागतात. गिळता गिळता त्या मेदाने फुगतात आणि फेसाळ दिसू लागतात. अशा पेशींच्या साठ्यातूनच रोहिणीतील थराचा आरंभ होतो. अमेरिकेतील डॅनियल स्टाइनबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली ही उपपत्ती विस्ताराने मांडली.

ऑक्सिडीकरण रोखणारे पदार्थ म्हणजे प्रति-ऑक्सिडीकारके. ई व क जीवनसत्त्वे, गाजरातील बीटा-कॅरोटीन, तसेच फळांच्या सालींतील व रसांतील अनेक रंगद्रव्ये या गटात मोडतात. त्यामुळे असे वाटू लागले की, ही द्रव्ये गोळ्यांच्या रूपाने दिली तर हृदयविकार टळेल.

गोळ्यांची परीक्षा

ही आशा मोठ्या चाचण्यांत टिकली नाही. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष १९९४ साली प्रसिद्ध झाले. बीटा-कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचे प्रमाण कमी होण्याऐवजी वाढलेले दिसले. २००० साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय चाचणीत हृदयविकाराचा धोका अधिक असलेल्या नऊ हजारांहून जास्त व्यक्तींचा समावेश होता. त्यांना ई जीवनसत्त्वाचा कोणताही लाभ झाला नाही. ब्रिटनमधील २०,५३६ व्यक्तींच्या चाचणीत (२००२) जीवनसत्त्वांच्या गोळ्या निष्फळ ठरल्या. त्याच चाचणीत एलडीएल कमी करणाऱ्या औषधाने मात्र झटके व मृत्यू कमी केले.

यावरून ऑक्सिडीकरणाची उपपत्ती सर्वस्वी चुकीची ठरत नाही. रोग कसा होतो हे कळणे आणि तो टाळण्याचा उपाय सापडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, एवढेच यातून स्पष्ट होते. सोलापूरच्या डाळिंबाबाबतही हाच विवेक ठेवावा. डाळिंबाच्या रसाने एलडीएलचे ऑक्सिडीकरण मंदावते असे प्रयोगांत दिसले आहे. परंतु तो रस हृदयविकाराचा झटका टाळतो, असे सिद्ध झालेले नाही. डाळिंब फळ म्हणून खावे, औषध म्हणून नव्हे.

करडईच्या तेलाचा निवाडा

करडईच्या नेहमीच्या वाणांच्या तेलात सुमारे तीन चतुर्थांश भाग लिनोलेइक या असंतृप्त वसाम्लाचा असतो, तर संतृप्त वसाम्ले सुमारे एक दशांश असतात. तूप, वनस्पती तूप किंवा पाम तेल यांच्याऐवजी असे तेल वापरल्यास रक्तातील एलडीएल कमी होते, हे निश्चित.

तथापि, ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे १९६६ ते १९७३ या काळात हृदयविकार झालेल्या ४५८ पुरुषांवर एक चाचणी झाली. एका गटाने संतृप्त मेदाऐवजी करडईचे तेल व त्यापासून केलेले मार्गारिन भरपूर प्रमाणात घेतले. त्यांचे कोलेस्टेरॉल उतरले, पण मृत्यूचे प्रमाण वाढले. २०१३ साली जुन्या माहितीचे पुन्हा विश्लेषण झाले, तेव्हा हृदयविकाराने झालेले मृत्यूही त्या गटात अधिक असल्याचे दिसून आले. मार्गारिनमध्ये अपायकारक ट्रान्स मेद असण्याची शक्यता असल्याने अनेक तज्ज्ञ या निष्कर्षास मर्यादित महत्त्व देतात. इतर चाचण्यांचा एकत्रित कौल संतृप्त मेदाच्या जागी असंतृप्त मेद वापरण्याच्या बाजूनेच आहे. तरीही ‘हितकर’ तेल कितीही खावे, असा अर्थ कोणी काढू नये.

व्यवहारात याचा बोध सरळ आहे. तेल बेताने वापरावे आणि एकाच तेलावर भिस्त ठेवू नये. करडई व शेंगदाणा यांचे तेल आलटून पालटून वापरता येते. करडईच्या तेलात जवळजवळ नसलेले एक उपयुक्त वसाम्ल जवसात विपुल असते; म्हणून जेवणातील जवसाची चटणी ही निव्वळ चवीची बाब नाही. तेल झाकून, उजेडापासून दूर ठेवावे आणि तळून काळे पडलेले तेल पुन्हा पुन्हा तापवू नये. खाद्यपदार्थांतील तेल व मेदात ट्रान्स मेदाचे प्रमाण २ टक्क्यांपेक्षा अधिक नसावे, असा नियम देशात २०२२ पासून लागू आहे.

गावाने काय करावे?

रोहिणीविलेपी विकार अनेक वर्षे निमूटपणे वाढतो. छातीत कळ येईपर्यंत माणसास आपण निरोगी आहोत असेच वाटते. तंबाखू, उच्च रक्तदाब, मधुमेह व वाढलेले एलडीएल ही त्याची प्रमुख कारणे असून त्यांपैकी प्रत्येकावर उपाय आहे. तीस वर्षांवरील स्त्री-पुरुषांचा रक्तदाब व रक्तशर्करा आरोग्य उपकेंद्रात तपासली जाते. ग्रामसभेच्या दिवशीच अशी तपासणी ठेवली, तर एरवी उपकेंद्राची पायरी न चढणारा शेतकरीही तपासला जाईल. शिक्षकांना शाळेच्या आवारात तंबाखूबंदी काटेकोरपणे पाळता येईल आणि परसबागेतील पालेभाज्या पोषण आहारात आणता येतील. डॉक्टरांनी सुरू केलेले रक्तदाबाचे किंवा कोलेस्टेरॉलचे औषध, बरे वाटले म्हणून मनाने बंद करणे धोक्याचे असते, हेही घरोघरी सांगितले पाहिजे.

छातीत दडपण, डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ, दरदरून घाम व धाप ही झटक्याची लक्षणे आहेत. अशा वेळी पित्त समजून घरगुती उपचारांत वेळ दवडू नये. २०१४ पासून महाराष्ट्रात उपलब्ध असलेल्या १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेस तात्काळ बोलवावे. रोहिणीतील गुठळी जितक्या लवकर विरघळवली किंवा दूर केली जाईल, तितका हृदयाचा अधिक स्नायू वाचतो. म्हणून हा क्रमांक ग्रामपंचायत, शाळा व दूध संकलन केंद्र यांच्या दर्शनी भिंतीवर ठळक अक्षरांत रंगविलेला असावा.

ज्वारीची भाकरी, डाळ, पालेभाजी, जवसाची चटणी आणि बेताचे तेल हा या मातीतला आहार महागड्या गोळ्यांपेक्षा अधिक भरवशाचा आहे. त्याला तंबाखूमुक्तीची व वेळेवर तपासणीची जोड मिळाली, तर अनेक कुटुंबांतील कर्ते स्त्री-पुरुष अकाली जाण्यापासून वाचू शकतील.