आठ बाय सहा म्हणजे नेमकं किती?

जळगाव-धुळ्यातले पीएचडी करणारे बरेच श्रोते एकच तक्रार करतात: स्क्रीनवर झकास दिसणारा आलेख प्रबंधात टाकला की अक्षरं बारीक का होतात? आजचा भाग त्यावरच.

समजा, जळगाव आणि धुळ्याच्या मासिक कमाल तापमानाचा आलेख काढताय. मॅटप्लॉटलिबमध्ये फिगसाइज ८, ६ दिलं. आपण शाळेपासून सेंटीमीटरवाले, पण हे आकडे इंचात असतात. एक इंच म्हणजे २.५४ सेंटीमीटर, म्हणजे आलेख झाला २०.३२ सेंटीमीटर रुंद. ए-फोर कागदच मुळात २१ चा! दोन्हीकडे अडीच-अडीच समास सोडला तर उरतात १६. मग आपण काय करतो? वर्डमध्ये कोपरा धरून चित्र आत ढकलतो.

गडबड तिथंच होते. अक्षरांचं माप पॉइंटमध्ये असतं आणि पॉइंट म्हणजे इंचाचा ७२वा भाग. १० पॉइंट म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर. चित्र २०.३२ वरून १६ वर आणलं की १० चे होतात जेमतेम ८. तेच चित्र जर्नलच्या ८ सेंटीमीटरच्या रकान्यात बसवलं तर ४ पॉइंट. परीक्षक काय भिंग घेऊन बसणार आहेत?

म्हणून आधी पट्टी घ्या, कागदावर जागा किती ते मोजा, २.५४ ने भागा आणि तेच फिगसाइजमध्ये लिहा. १६ भागिले २.५४, म्हणजे ६.३. वर्डमध्ये मग हात लावायचा नाही. डीपीआय ३०० ठेवलं तर १८९० पिक्सेल मिळतात. डीपीआय वाढवून छापील अक्षर मोठं होत नाही, फक्त रेखीव होतं.

स्कॅटरचे ठिपके आणखी वेगळे, बरं का. तिथला 'एस' म्हणजे पॉइंटचा वर्ग. मूळचा ३६, म्हणजे ६ पॉइंटचा ठिपका. दुप्पट रुंद हवा तर ७२ नाही, १४४ लिहा.

आर वापरणाऱ्यांनो, जीजीप्लॉटच्या थीममधली अक्षरं पॉइंटमध्ये, पण जिऑम-टेक्स्टची मिलिमीटरमध्ये. तिथं १० लिहिलं तर २८ पॉइंटचं धूड उमटतं. हा घोळ कुणी आणि का घातला असेल, देव जाणे!

आणि फाइल साठवताना बीबॉक्स 'टाइट' ठेवलंत तर कडा छाटल्या जातात, रुंदी बदलते, सगळा हिशेब पुन्हा हलतो. त्याऐवजी 'कन्स्ट्रेन्ड' मांडणी वापरा आणि पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये पानाचा आकार एकदा बघून घ्या.