आज्ञावलीचें दप्तर

शाळेंत जाणाऱ्या मुलाचें दप्तर उघडून पाहिलें म्हणजे त्याच्या अभ्यासाची रीत ध्यानांत येते. एकाच वहींत पुढून गणित व मागून इतिहास, आणि भूगोलाचा नकाशा शेजारच्या मुलाकडे राहिलेला, अशी स्थिति असली तर मुलगा कितीहि हुशार असो, परीक्षेच्या आदल्या रात्रीं त्याची धांदल ठरलेलीच. संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणाऱ्या तरुणांची गत पुष्कळदां अशीच होते. भाषा त्यांना शिकविलेली असते. कामाची मांडणी कोणीं शिकविलेली नसते.

आज्ञावली म्हणजे अखेर संगणकासाठीं लिहिलेला मजकूरच. तो लिहिण्याचें साधन म्हणजे कोड एडिटर. ‘व्हीआय’ आणि ‘ईमॅक्स’ हे १९७६ सालीं अमेरिकेंत निर्माण झालेले एडिटर आजहि वापरांत आहेत. मायक्रोसॉफ्ट कंपनीनें २०१५ सालीं ‘व्हिज्युअल स्टुडिओ कोड’ हा एडिटर विनामूल्य खुला केला, आणि विद्यार्थ्यांच्या संगणकांवर आतां पुष्कळ ठिकाणीं तोच आढळतो.

नोटपॅडसारखें साधन एका फाइलीपुरतें पाहतें. कोड एडिटरमध्यें मात्र अख्खें फोल्डर उघडावयाचें असतें, आणि नवशिक्याची पहिली चूक येथेंच होते. तो फाइलीवर दोनदां टिचकी मारतो, फाइल उघडते, काम सुरू होतें, आणि एडिटरला प्रकल्पाची ओळख कधीं होतच नाहीं. फोल्डर उघडलें म्हणजे त्यांतील सर्व फाइलींची यादी एका बाजूस दिसते. एखादा शब्द सर्व फाइलींतून एकदम शोधतां येतो. टर्मिनलमध्यें दिलेली आज्ञा त्याच फोल्डरांत चालते. जें फोल्डर उघडलें तोच एडिटरच्या लेखीं प्रकल्प.

वाशीम हें प्राचीन वत्सगुल्म. तेथें १९३९ सालीं वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ति याचा ताम्रपट उजेडांत आला. त्यांत राजाची वंशावळ संस्कृतांत, तर दानाचा व्यावहारिक मजकूर प्राकृतांत आहे. ताम्रपटांचे पत्रे कडींत ओंवून ठेवण्याची जुनी चाल होती, ती उगीच नव्हे. पत्रे सुटे झाले कीं वंशावळ एका घरीं आणि दान दिलेल्या गांवाचें नांव दुसऱ्या घरीं! फोल्डर ही प्रकल्पाची कडी होय.

आतां एक उदाहरण घ्यावें. समजा, रिसोडच्या एका विद्यार्थिनीनें वाशीम जिल्ह्यांतील पावसाचे आंकडे वाचून त्यांचा आलेख काढणारी आज्ञावली पायथन भाषेंत लिहावयास घेतली. वाशीम, रिसोड, मालेगांव, मंगरूळपीर, मानोरा व कारंजा असे सहा तालुके. जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा झाला, त्यामुळें त्यापूर्वींचे आंकडे अकोला जिल्ह्याच्या तक्त्यांत शोधावे लागतात. ते तिनें मिळविले व ‘डाउनलोड्स’मध्यें तसेच राहूं दिले. आज्ञावली डेस्कटॉपवर लिहिली. घरच्या संगणकावर आलेख सुरेख निघाला. परीक्षेच्या दिवशीं वाशीमच्या महाविद्यालयांत तीच आज्ञावली चालविली, तों ‘फाइल सांपडत नाहीं’ एवढेंच उत्तर आलें. दोन महिन्यांचें काम परीक्षकासमोर मुकें झालें.

दोष आलेखाच्या गणितांत नव्हता. आज्ञावलींत आंकड्यांचा पत्ता पूर्ण लिहिलेला होता: सी ड्राइव्ह, त्यांत घरच्या वापरकर्त्याचें नांव, त्यांत डाउनलोड्स. महाविद्यालयाच्या संगणकावर तें नांव कोठून असणार? ट्रंकेंतील वस्तूचा पत्ता ‘वरच्या कप्प्यांत, डावीकडे’ असा ठेवला तर ट्रंक कोणत्याहि गांवीं गेली तरी वस्तु सांपडते. प्रकल्पाच्या फोल्डरापासून मोजलेला पत्ता, ज्याला सापेक्ष पत्ता म्हणतात, तो असाच असतो. येथें एक खोंच मात्र आहे. हा पत्ता आज्ञा ज्या फोल्डरांतून चालते तेथून मोजला जातो. म्हणून एडिटरमध्यें चुकून एक पायरी वरचें फोल्डर उघडलें तर बरोबर लिहिलेला पत्ताहि चुकतो, आणि विद्यार्थी निर्दोष ओळींत तासन् तास दोष शोधीत बसतो.

तेव्हां आरंभींच एक रिकामें फोल्डर करावें. त्यांत मूळ आंकडे एका पोटफोल्डरांत ठेवावे व त्यांना पुन्हां हात लावूं नये. दुरुस्त केलेले तक्ते दुसऱ्यांत, आज्ञावल्या तिसऱ्यांत, निघालेले आलेख चवथ्यांत. मूळ आंकड्यांना हात न लावण्याचें कारण वाशीमच्या उदाहरणांतच आहे. मंगरूळपीर हें गांव मंगरूळनाथ या नांवानेंहि लिहितात. माणसाला तें एकच, परंतु आज्ञावलीला ते दोन तालुके वाटतात आणि सहाचे सात होतात. अशा पर्यायी नांवांची यादी वेगळ्या फाइलींत केली म्हणजे मूळ कागद न खोडतां दुरुस्ती होते, आणि काय दुरुस्त केलें तेंहि दिसतें. मराठी नांवांच्या फाइली यूटीएफ-८ या पद्धतीनें जतन कराव्या व वाचतांनाहि तीच पद्धत आज्ञावलींत सांगावी. नाहीं तर ‘कारंजा’च्या जागीं भलतींच चिन्हें उमटण्याचा संभव असतो.

आज्ञावली दुसऱ्यांनीं तयार केलेल्या उपयुक्त संचांचीहि मदत घेते, आणि ते संच प्रत्येक संगणकावर असतातच असें नाहीं. पायथनमध्यें प्रत्येक प्रकल्पासाठीं हे संच निराळे ठेवण्याची सोय आहे. तिला व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट म्हणतात. हा संचांचा डोलारा उचलून दुसरीकडे नेऊं नये. त्यांची नांवें व आवृत्त्या एका साध्या फाइलींत टिपाव्या आणि नव्या जागीं त्या यादीवरून तो पुन्हां उभारावा. बिऱ्हाड बदलतांना चूल उखडून कोणी नेत नाहीं.

एडिटरच्या आवडीनिवडी दोन ठिकाणीं राहतात. अक्षरांचा आकार, पडद्याचा रंग या वापरणाऱ्याच्या बाबी. ओळींची मांडणी किती जागा सोडून करावयाची, ही प्रकल्पाची बाब. दुसऱ्या प्रकारच्या नोंदी प्रकल्पाच्याच फोल्डरांत टिंबानें आरंभ होणाऱ्या ‘.व्हीएसकोड’ या पोटफोल्डरांत राहतात व प्रकल्पाबरोबर प्रवास करतात.

‘अंतिम’, ‘अंतिम दोन’, ‘अंतिम खरेंच’ अशा नांवांच्या फाइलींची रांग ज्या फोल्डरांत दिसते तेथें गिटचा अभाव समजावा. लिनस टोरवाल्ड्स यानें २००५ सालीं लिनक्सच्या कामासाठीं रचलेलें हें साधन प्रत्येक टप्प्याची, कोणीं व केव्हां बदल केला याची, नोंद ठेवतें. वर सांगितलेला संचांचा डोलारा आणि गुप्त संकेतशब्द त्या नोंदींतून वगळावे लागतात. त्यासाठीं वगळण्याची यादी असते. मात्र ही सारी बखर त्याच संगणकावर राहिली आणि तो संगणकच बिघडला, तर बखरहि गेली. तिची प्रत दुसऱ्या ठिकाणीं पाठविणें हें निराळें काम आहे, आणि तें दर दिवसाच्या अखेरीस करावें.

२०२१ पासून हा एडिटर नवें फोल्डर उघडतांना एक प्रश्न विचारतो: या फोल्डराच्या कर्त्यावर आपला विश्वास आहे काय? घाईंत सर्वजण होकार देतात. स्वतः केलेल्या प्रकल्पाला होकार द्यावयास हरकत नाहीं. परंतु कोठून तरी उतरवून घेतलेल्या प्रकल्पांत एडिटरकडून परभारें चालविल्या जाणाऱ्या आज्ञा असूं शकतात. नकार दिला तरी फाइली वाचतां येतात. फक्त आज्ञा चालविण्याच्या कांहीं सोयी बंद राहतात. परक्या प्रकल्पाची पहिली पाहणी या बंद अवस्थेंतच करावी, आणि त्यांतील ‘.व्हीएसकोड’ हें पोटफोल्डर सर्वांत आधीं उघडून वाचावें.