कोंडीची भीती आणि एमआरआय

श्रोतेहो, कवीनं दवाखान्याच्या यंत्रांवर बोलावं का, असं कुणाला वाटेल. मलाही वाटलं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस; विज्ञानाशी संबंध दहावीला सुटला, तो परत जुळला नाही. पण माझ्यावर जे गुदरलं ते मी दोन-चार मित्रांना सांगितलं, तेव्हा त्यातले दोघं कानाशी येऊन हळूच म्हणाले, 'माझंही असंच झालं होतं, कुणाला बोललो नाही.' म्हणून आज बोलतो आहे.

गोष्ट कमरेपासून सुरू होते. कविसंमेलनांच्या निमित्तानं एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून मी उभा-आडवा विदर्भ पाहिला. त्याचं मोल कमरेनं दिलं. डाव्या पायात कळ उतरू लागली, अंगठा बधिर झाला. बुलडाण्याच्या आमच्या डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय करून आणायला सांगितलं. आमच्या भागातले बरेच लोक असल्या तपासणीला अकोला नाही तर छत्रपती संभाजीनगर गाठतात. मी बोथ्याच्या जंगलातून खामगाव, बाळापूर करत अकोल्याला गेलो.

तिथं कपडे बदलले, फळीवर आडवा झालो. तंत्रज्ञ मुलगा म्हणाला, 'काका, हलू नका,' आणि फळी डोक्याकडून आत सरकू लागली. मी डोळे उघडले. नाकासमोर पांढरं छत, दोन्ही खांद्यांना भिंत. पुढचं मला नीट आठवत नाही. हातात रबरी फुगा दिला होता, तो मी इतक्या जोरात दाबला की मुलगा धावत आला. बाहेर काढून म्हणाला, 'काका, मशीन अजून सुरूसुद्धा केलं नव्हतं.'

घरी येऊन बायकोला सांगितलं, 'मशीन बिघडलं होतं.' डॉक्टरांना सांगितलं, 'आता बरं वाटतंय.' चार महिने असे काढले. मग एक दिवस बाजारातून घरी पोचलो तर डाव्या पायात चप्पल नव्हती. कुठं निसटली याचा पत्ताच नाही. डॉक्टरांनी टाचांवर चालून दाखवायला सांगितलं. उजवा पाय उचलला गेला, डाव्याचा पंजा खाली लोंबला. ते एरवी शांत बोलणारे गृहस्थ, त्या दिवशी चिडले. 'नस किती आणि कुठं दबली हे दिसल्याशिवाय मी काय ठरवू? आणखी उशीर केलात तर हा पंजा कायमचा असाच राहील.' तेव्हा मी खरं बोललो. ते हसले नाहीत. एवढंच विचारलं, 'लहानपणी कुठं कोंडला होतात का?'

मला पेव आठवलं. आजच्या मुलांनी पेव पाहिलेलं नसतं म्हणून सांगतो. गावाच्या पांढरीत जमिनीखाली खणलेलं ज्वारीचं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं. मेहकरकडं माझं आजोळ. पेव उघडलं की माझे नाना आधी दोरीनं पेटता कंदील आत सोडत. बंद पेवात धान्य श्वास घेतं, प्राणवायू संपतो आणि जड वायू तळाशी साचतो. कंदील विझला तर माणूस उतरवायचा नाही. जळत राहिला तर आम्हा पोरांपैकी एकाला उतरवायचं, कारण त्या तोंडातून पोरंच सहज जात. सातव्या-आठव्या वर्षी मला वर ओढताना मी त्या तोंडात अडकलो. वरचा उजेड माझ्याच अंगानं बंद झाला. मिनिटभराचा प्रकार असेल. मी तो पन्नास वर्षं विसरलो होतो, माझं शरीर विसरलं नव्हतं. (अर्थात प्रत्येकाला असं पेव सापडेलच असं नाही. काहीही न घडता ही भीती असणारी माणसंही पुष्कळ आहेत.)

आमच्या जिल्ह्यात असल्या भीतीचा पत्ता ठरलेला आहे: पिंपळगाव सराईचा सैलानी बाबांचा दर्गा. एका नातेवाइकानं तो सुचवलाही. श्रद्धेनं जाणाऱ्याला मी अडवणार नाही, मीही यात्रेला गेलेला माणूस आहे. पण सैलानीहून परत आल्यावरही यंत्राचं तोंड तेवढंच राहणार होतं. डॉक्टरांनी सांगितलं की या भीतीला क्लॉस्ट्रोफोबिया म्हणतात. छाती धडधडते, घाम फुटतो, हवा संपली असं वाटतं. हवा संपलेली नसते. भीतीची लाट काही मिनिटांत शिगेला जाते आणि ओसरते. ओसरेपर्यंत आपण थांबत नाही, एवढंच. नेहमीच्या जगण्यात ही भीती आड येत असेल तर मानसोपचारतज्ज्ञ तिच्यावर उपचार करतात. सरकारच्या 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांकही त्यासाठीच आहे.

मग मी त्यांना त्या यंत्राविषयीच विचारायला लागलो, आणि इथं मला आपल्या रेडिओची गंमत सापडली. आपल्या शरीरात निम्म्याहून अधिक पाणी. पाण्यात हायड्रोजन. यंत्रातलं मोठं चुंबक हायड्रोजनच्या अणुकेंद्रांना एका ओळीत आणतं. मग त्यांच्याकडं रेडिओलहरी सोडायच्या. ती डचमळतात आणि सावरताना स्वतःच्या बारीक रेडिओलहरी परत पाठवतात. त्या पकडून संगणक चित्र काढतो. क्ष-किरणांचा यात संबंध नाही. चुंबकाचं बळ टेस्ला या मापात मोजतात. दीड टेस्लाचं यंत्र म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या सुमारे तीस हजार पट, आणि ते साधारण ६४ मेगाहर्ट्झवर बोलतं. तुमचा एफएम ८८ पासून सुरू होतो, म्हणजे त्याच्या थोडं अलीकडं. बाहेरच्या रेडिओ केंद्रांचा गोंधळ आत येऊ नये म्हणून त्या खोलीला चहूबाजूंनी तांब्यासारख्या धातूचं अस्तर असतं. माझं हे भाषण त्या खोलीत कुणालाच ऐकू येणार नाही.

आणि तो हातोड्यांचा आवाज? मुख्य चुंबकाच्या आत आणखी वेटोळी असतात. त्यांतून वीज झपाट्यानं चालू-बंद होते आणि चुंबकाच्या जोरानं ती थरथरतात. बिघाड नव्हे, ते यंत्राचं कामच. कानांत बोळे घालायला देतात. न दिल्यास मागून घ्यावेत.

आता यंत्र निवडण्याचं. मी डॉक्टरांना म्हणालो, 'मला ते उघडं एमआरआय असतं ना, तिथंच पाठवा.' जात्याच्या दोन तळ्यांसारखं ते यंत्र: एक चुंबक वर, एक खाली, मध्ये माणूस आणि दोन्ही बाजू मोकळ्या. घाबरणाऱ्या आणि आडव्या बांध्याच्या माणसाला मोठी सोय. पण अशा बहुतेक यंत्रांचं बळ ०.२ ते ०.४ टेस्ला. संदेश क्षीण, म्हणून वेळ जास्त आणि बारकावे कमी. गुडघा, खांदा, मणक्याची ढोबळ तपासणी यांना ते पुष्कळदा पुरतं. मेंदूतली छोटी गाठ, कानाच्या आतली नस, बारीक रक्तवाहिन्या पाहायच्या तर अपुरं पडू शकतं. शिवाय वरची तळी तोंडावर असतेच. बाजू उघड्या असल्या तरी आकाश काही दिसत नाही.

दुसरा पर्याय मला माहीतच नव्हता. बोगद्यासारखीच पण रुंद तोंडाची यंत्रं. जुन्या यंत्रांचं तोंड ६० सेंटिमीटर, या यंत्रांचं ७०. बळ दीड किंवा तीन टेस्लाचं, म्हणजे चित्रात तडजोड नाही. दहा सेंटिमीटरनं काय होतं, असं मीही म्हणालो. घरी येऊन वितीनं मोजलं. ६० म्हणजे पावणेतीन वीत, ७० म्हणजे तीन वीत नि वर दोन बोटं. खांद्याला लागणारी भिंत आणि न लागणारी भिंत, यांतलं अंतर तेवढंच आहे.

अंगकाठीचा प्रश्न या यंत्राच्या जन्मापासूनचा आहे. १९७७ साली न्यूयॉर्कमध्ये रेमंड दमाडियन या डॉक्टरनं स्वतः बनवलेल्या यंत्रात आधी स्वतःलाच बसवलं. काही उमटलं नाही. ते यंत्राच्या मानानं जाड आहेत, असा निष्कर्ष निघाला. मग जुलैमध्ये त्यांचा सडपातळ सहकारी बसला आणि छातीच्या एका आडव्या छेदाच्या चित्राला पावणेपाच तास लागले. आपण वीस-तीस मिनिटांना कुरकुरतो!

तेव्हा नाव नोंदवताना विचारायचं ते हे: यंत्र किती टेस्लाचं, तोंड किती रुंद, आणि माझा जो भाग पाहायचा आहे त्यासाठी डोकं आत जातं का. हा तिसरा प्रश्न कुणी विचारत नाही. गुडघ्याला डोकं बाहेरच राहतं. कमरेला पुष्कळदा पायांकडून आत सरकवता येतं, मग डोकं तोंडापाशी येतं. मेंदू आणि मानेला मात्र सुटका नाही. चेहऱ्यावर जाळीसारखी चौकट येते. तिच्यावर आरसा बसवता येत असेल तर त्यातून पायांकडचा उजेड दिसतो. आणि कोणतं यंत्र पुरेल हे तपासणी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना विचारावं, कारण ते काय शोधताहेत हे त्यांनाच ठाऊक असतं. तीन टेस्लाच्या यंत्रात घाबरून हललेल्या माणसाचं चित्र हे दीड टेस्लात शांत पडलेल्या माणसाच्या चित्रापेक्षा वाईटच येतं.

इतकं करूनही जमत नसेल तर डॉक्टर भीती कमी करणारी गोळी देतात. ती त्यांनीच द्यायची, सोबत माणूस हवा आणि त्या दिवशी गाडी चालवायची नाही. फारच झालं तर भूलतज्ज्ञाच्या देखरेखीखाली झोपवतात.

एक गोष्ट मात्र भीतीपेक्षा मोठी. ते चुंबक रात्रंदिवस चालू असतं. आवाज थांबला म्हणजे यंत्र बंद झालं असं नव्हे. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईच्या नायर रुग्णालयात एका रुग्णाचा तरुण नातेवाईक ऑक्सिजनचं सिलिंडर घेऊन आत गेला. चुंबकानं त्याला सिलिंडरसकट ओढलं आणि त्याचा जीव गेला. पेसमेकर, मेंदूतली क्लिप, कानात बसवलेलं यंत्र, वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, सगळं आधी सांगायचं. जोडवी, सेफ्टी पिन, मोबाइल बाहेर.

माझा दुसरा एमआरआय संभाजीनगरला झाला, ७० सेंटिमीटरच्या यंत्रात, पायांकडून. गोळी घेतली नाही, खिशात ठेवून नेली होती. अर्जावर मी आधीच लिहिलं: बंद जागेची भीती आहे. तंत्रज्ञ मुलीनं वाचलं आणि म्हणाली, 'काका, प्रत्येक वेळी किती मिनिटं लागणार ते मी माइकवरून सांगत जाईन.' बायकोच्या अंगावर धातू नाही हे तपासून तिला आत उभं राहू दिलं. तिनं माझ्या पायाचा अंगठा धरला, तोच बधिर अंगठा. म्हणाली, 'आँखां मत खोलना.' डोळ्यांवर रुमाल मी बाहेरच बांधून घेतला होता. पहिल्यांदा फसलो ते आत जाऊन डोळे उघडल्यामुळं.

पहिली चार मिनिटं वाईट गेली. जनाजा आठवला, कबर आठवली. आमच्याकडं त्याचं वर्णन लहानपणापासून कानांवर पडतं. मग कपाळावर वारा लागला. यंत्रात बारीक पंखा असतो, हे मला सांगितलेलं होतं. पण लागला तेव्हा पटलं. नानांचा कंदील जळत होता. हातोडे सुरू झाले. मी मात्रा मोजू लागलो. आठ-आठच्या येत होत्या, मध्येच एक तुटक. 'आता तीन मिनिटं,' मुलगी म्हणाली. 'आता पाच.' एकूण पंचवीस मिनिटांत संपलं.

चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नसेवर बसली होती. शस्त्रक्रिया झाली, पंजा आता बराचसा उचलला जातो. चप्पल मात्र मी पट्ट्याची घेतली आहे.

बाहेर आलो तेव्हा बायकोनं मूठ उघडून माझा तावीज परत दिला. चांदीच्या पेटीतला, अम्मीनं बांधलेला. चांदीला चुंबक ओढत नाही, पण वरचा टाका कशाचा आहे कुणास ठाऊक, म्हणून मुलीनं तो काढायला लावला होता. मग बायकोनं विचारलं, 'अकोल्याचं मशीन बिघडलं होतं ना?' मी म्हणालो, 'नाही.' ती म्हणाली, 'मालूम था.'