सोबत कोण राहणार?

डॉक्टर आधी मुलाचे हात बघायला मागतात. तळवे, बोटांची टोकं, नखं. उजव्या अंगठ्यावर आणि शेजारच्या बोटावर पिवळट थर वाळलाय. तो मुलगा नखाने खरवडत राहतो. नाकाखाली आणि ओठांच्या कडेला बारीक पुरळ आहे. वय पंधरा, पण अंगाने तेराचासुद्धा वाटत नाही.

"पंक्चरचं सोल्युशन, का व्हाइटनर?" डॉक्टर विचारतात. आवाजात धार अजिबात नाही.

मुलगा पहिल्यांदा मान वर करतो. या मॅडमना आपला शब्द माहीत असेल असं त्याला वाटलेलं नसावं.

"सोल्युशन. आधी व्हाइटनर मारायचो."

शेजारी बसलेली आई पदर तोंडाशी नेते. ती आमच्या इमारतीत चार घरची धुणीभांडी करते. त्यातलं एक घर माझं. पुण्यातल्या या सरकारी रुग्णालयात केसपेपर कुठे काढायचा, मानसोपचाराची ओपीडी कुठल्या मजल्यावर, या सगळ्याची तिला धास्ती वाटते, म्हणून मी बरोबर आहे. मी आत बसले तर चालेल का, हे डॉक्टर तिला नाही, मुलाला विचारतात. तो खांदे उडवतो. "नक्की?" डॉक्टर पुन्हा विचारतात. "हो, बसू दे त्यांना," तो म्हणतो, तेव्हा त्या वही उघडतात.

बाहेर पाऊस आहे. बाकांवर माणसं दाटीने बसली आहेत आणि छत्र्यांचं पाणी दारातून आत येतंय.

आई पिशवीतून प्लास्टिकच्या कव्हरातला कागद काढते. लघवीच्या तपासणीचा रिपोर्ट आहे. "ह्याच्यात काय निघालं नाही मॅडम. ह्याचे पप्पा म्हणाले, तुझ्या मनाचे खेळ आहेत. पोरगं चांगलं आहे."

"ताई, या तपासणीत गांजा कळतो, गर्द कळतं, झोपेच्या काही गोळ्या कळतात. सोल्युशन कळत नाही."

आई कागदाकडे बघत राहते. या कागदाच्या भरवशावर त्या घरात कितीतरी रात्री भांडणं झाली असतील. 'निगेटिव्ह' हा शब्द वाचून सुटकेचा श्वास सोडणारे आईबाप या शहरात आणखी किती असतील, या विचाराने मला अस्वस्थ व्हायला होतं.

मग ती पुढचं सांगते. मागच्या महिन्यात पोरगा रेल्वे लाइनच्या कडेला रुमाल तोंडाला लावून बसलेला सापडला. वडील काठी घेऊन मागे धावले. तो पळाला, पडला, गुडघा फुटला.

डॉक्टर पेन खाली ठेवतात. "हे पुन्हा करू नका. रागवायचं नाही म्हणून सांगत नाहीये. जिवाला धोका आहे म्हणून सांगतेय."

त्या सावकाश, एकेक वाक्य थांबत सांगतात. सोल्युशनमध्ये, थिनरमध्ये टोल्युईनसारखी द्रव्यं असतात. ती नाकातून फुप्फुसात आणि तिथून काही क्षणांत मेंदूत पोहोचतात. त्यांच्या अमलाखाली हृदय फार नाजूक झालेलं असतं. अशा वेळी मूल घाबरलं, जिवाच्या आकांताने धावलं, तर हृदयाचा ठोका बिघडून ते जागच्या जागी जाऊ शकतं. पहिल्यांदाच हुंगलेलं मूलसुद्धा. "नशेत दिसला तर पाठलाग नाही, आरडाओरडा नाही. मोकळ्या हवेत बसवा, हळू बोला, जवळ थांबा. शुद्ध हरपली तर १०८ ला फोन."

शाळांच्या भिंतींवर व्यसनाच्या विरोधात कवट्या रंगवलेल्या असतात. त्यांच्याऐवजी डॉक्टरांची ही चार वाक्यं लिहिली तर एखादं पोर वाचेल, असं मला अगदी मनापासून वाटतं.

डॉक्टर आता मुलाशी बोलताहेत. हातापायाला मुंग्या येतात का? येतात. वर्गात शिकवलेलं लक्षात राहतं का? आधी राहायचं. सुरुवात कशी झाली?

"पाचवीत तंबाखू. मग सुटीत गॅरेजवर कामाला लागलो. तिथली मोठी पोरं रुमालावर घ्यायची."

"कधी हवंसं वाटतं?"

"संध्याकाळी."

"घरी कोण असतं संध्याकाळी?"

"कोणच नसतं. मम्मी साडेआठला येते."

केंद्र सरकारच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी दिल्लीच्या एम्सने केलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल २०१९ मध्ये आला. त्यात हुंगण्याची नशा हा एकच प्रकार असा निघाला, ज्याचं प्रमाण मोठ्यांपेक्षा दहा ते सतरा वयाच्या मुलांत जास्त आहे: मोठ्यांत ०.५८ टक्के, मुलांत १.१७ टक्के. मदतीची गरज असलेली मुलं साधारण ४ लाख ६० हजार. समोरचा मुलगा त्या आकड्यातला एक. त्याची नशा वडापावच्या पैशांत येते आणि सायकलच्या दुकानात उघड मिळते.

"एखादं इंजेक्शन नाही का, सवय तोडायचं?" आई विचारते.

"गर्दवाल्यांना आम्ही बुप्रेनॉर्फिन देतो, दारूवरही औषधं आहेत. याच्यावर तसं औषध नाही. झोप येत नाही, चिडचिड होते, त्यासाठी काही दिवस गोळ्या देईन. बाकीचं काम बोलण्याचं, दिवस आखून देण्याचं आणि सोबतीचं. पंधरा दिवस वॉर्डात ठेवू. मग दर आठवड्याला इथे."

"ठेवून घ्या," आई लगेच म्हणते. "मी भेटायला येते."

"तसं चालत नाही, ताई. तुम्हाला राहावं लागेल."

२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार अठराच्या आतल्या मुलाला दाखल केलं तर त्याला मोठ्या रुग्णांपासून वेगळं ठेवावं लागतं आणि पालक किंवा पालकाने नेमलेलं माणूस पूर्ण काळ त्याच्याजवळ राहावं लागतं. आई गोंधळते. शहराबाहेरच्या एका केंद्रात तिला नेमकं उलटं सांगितलेलं: तीन महिने सोडा, आगाऊ पैसे भरा, मधे भेटायला यायचं नाही. पैसे जमले नाहीत म्हणून पोरगा वाचला, असंच मी म्हणेन. आईला दारात उभी करत नाहीत ती जागा मुलाच्या उपचाराची नाही.

खरं तर पुण्याला हे नवं नाही. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या मदतीने १९८६ मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, तेव्हा शहरात गर्दची लाट होती. रुग्णाबरोबर घरच्यांनाही उपचारात घ्यायचं, हे तिथे पहिल्यापासून पाळलं गेलं.

आई बोटं मोजते. नवरा टेम्पो चालवतो, हप्ता थकलाय. सासूला दिसत नाही. "पंधरा दिवस गेले नाही तर दुसरी बाई लावतात, ताई," ती म्हणते. डॉक्टरांना नाही, मला.

मुलगा आईकडे बघतो. "राहू दे मम्मी. मी सोडतो ना घरीच."

"संध्याकाळी कोण असेल तुझ्याजवळ?" डॉक्टर शांतपणे विचारतात. त्याच्याकडे उत्तर नाही.

मी बाहेर येऊन बाकीच्या तीन घरांना फोन लावते. पोराचं नाव, आजार काहीच सांगत नाही. मुलगा दवाखान्यात आहे, पंधरा दिवस रजा हवी, पगार कापायचा नाही, एवढंच. पहिल्या बाई म्हणतात, अहो, विचारायचं काय त्यात. दुसऱ्या म्हणतात, पंधरा दिवस फार होतात, पण बघते. तिसरं घर पगाराचं टाळतं, मग पुन्हा फोन करून अर्ध्यावर येतं. उरलेला अर्धा मी घालणार आहे. आत जाऊन सांगते तेव्हा आई दाखल करायच्या कागदावर सही करत असते. माझ्या उत्तराची तिने वाट पाहिलेली नाही. डॉक्टर विचारतात, अंथरूण-पांघरूण घरून आणाल ना? ती मान हलवते.

समाजसेविका मुलाला वॉर्ड दाखवायला नेते. त्याने जायच्या आधी एकच विचारलं, तिथे कॅरम आहे का. आहे.

तुमच्याकडे काम करणारी बाई, तुमचा ड्रायव्हर, तुमच्या दुकानातला माणूस कधी मुलासाठी पंधरा दिवस मागेल. कारण सांगताना अडखळेल. खोदून विचारू नका. रजा द्या, पगार द्या, त्याची जागा त्याच्यासाठी ठेवा. सोबत राहणारं माणूस नसेल तर अल्पवयीन मुलाला दाखलच करता येत नाही. आणि कुठे जायचं हे त्याला ठाऊक नसेल, तर व्यसनमुक्तीसाठी सरकारचा देशभर चालणारा मोफत क्रमांक १४४४६ आहे. तो त्याला लिहून द्या.